तीन भुरक्यांची थाप

आमचे मामा आमटी चाखायचे नाहीत, ऐकायचे. सोनईच्या पंचक्रोशीत ज्यांनी त्यांच्या हातची पंगत जेवली आहे, त्यांना हे सांगायला नको. मोठी कढई रटरटत असायची, आणि मामा डोक्याला उपरणं गुंडाळून, कढईपासून हातभर अंतरावर कान नेऊन, डोळे मिटून उभे राहायचे. भट्टीभोवतीची माणसं बोलायची थांबायची. मग मामा म्हणायचे, "अजून कच्चं बोलतीय," आणि दोन लाकडं आत सरकवायचे. थोड्या वेळानं पुन्हा कान. "आता कशी घोगऱ्या आवाजात बोलाय लागली. उतरवा." मीठ कमी पडलंय हेसुद्धा आपल्याला आवाजावरून कळतं, असं ते सांगत. लहानपणी मी त्यावर विश्वास ठेवला होता. अजूनही ठेवतो.

मी स्वतः बोलणाऱ्यांतला नाही. केडगावात राहतो, पाटबंधारे खात्यात कारकून आहे, आणि ऑफिसात माझी एवढीच ख्याती आहे की हा माणूस तोंड उघडत नाही. न बोलणारा माणूस खोटंही बोलत नसणार, असा लोकांचा एक समज असतो. तो चुकीचा आहे. मी आयुष्यात एकच मोठी थाप मारली आणि ती मामांना मारली. तिच्यामुळे दोन म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची दोस्ती मोडली. ती पुन्हा कशी जुळली हे सांगितल्याशिवाय मामांबद्दल काही लिहिलं तर ती दुसरी थाप होईल.

दुसरे म्हातारे म्हणजे नाना. देवळाली प्रवऱ्याचे. आमटी मामांची, बुंदी नानांची, अशी ही आचाऱ्यांची जोडी होती. आमच्याकडे नवरदेवाचा बाप आधी या दोघांची तारीख घ्यायचा आणि मग मुहूर्त काढायला जायचा. मुहूर्तही बहुतेक त्याच दिवशीचा निघायचा. दोघं एकमेकांना सदोदित नावं ठेवायचे. मामा पंगतीत ओरडून सांगायचे, "बुंदी सांबाळून खा रं, दात ज्याचे त्यानं मोजून घ्या." नाना पलीकडून म्हणायचे, "याची आमटी प्याला की मानूस चार दिवस पानी पितो. विहिरी आटल्या त्या यानंच." असं बोलत बोलत दोघं एकाच बिडीवर दुपार काढायचे.

मामांचा एक नेम होता. दुसऱ्या आचाऱ्याच्या मांडवात जेवायला गेलं, की आधी मागं जाऊन त्याच्या भट्टीला हात जोडायचे, आचाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, आणि मगच पानावर बसायचं. एकदा एका लग्नात भट्टी मांडवापासून लांब, पार उसाच्या कडेला होती. मामा चिखल तुडवत तिथं गेले, हात जोडून आले, तोवर पंगत उठली होती. मी म्हटलं, "मामा, राहिलं ना जेवण." ते म्हणाले, "जेवान राहिलं तर चालतंय. भट्टी राहिली तर खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

पुढं बुफे आले. गणवेशातली पोरं आली, आणि जेवणाला कॅटरिंग म्हणायला लागले. माझ्या एका साहेबांच्या मुलीच्या लग्नात मीच शब्द टाकून मामांना आमटीपुरतं लावून दिलं. लोक ताटल्या घेऊन डोशाच्या आणि नूडल्सच्या टेबलाकडं गेले. मामांची आमटी एका कोपऱ्यात झाकणाच्या चकचकीत भांड्यात होती, पुढं इंग्रजीत पाटी. कुणी झाकण उचललं नाही. जेवणं उरकल्यावर मी मागं गेलो, तर मामा पालथ्या बादलीवर बसले होते आणि शेजारी भरलेली कढई.

"भाचे," ते म्हणाले, "लोकांची तोंडं बदलली. आपलं आता झालं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिथं उभा राहिलो आणि खांबाला बांधलेली सुतळी सोडत बसलो. आणि मग माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"मामा, ते सांगायचं राहिलंच. परवा टीव्हीवर तो शेफ तुमच्या आमटीबद्दल बोलत होता."

तो शेफ म्हणजे टीव्हीवर सगळीकडे दिसतो तो. नाव घेत नाही, त्याचा काही दोष नाही. मामींमुळे मामांनाही तो माहीत होता.

"काय म्हनला?"

"म्हणाला, नगर जिल्ह्यात एका लग्नात आमटी खाल्ली. पहिल्या भुरक्याला कान तापले, दुसऱ्याला आई आठवली, आणि तिसऱ्या भुरक्यानंतर लाज सोडून वाटी पुढं केली."

मामा बादलीवरून उठले. "कोनतं लगीन?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथं गप्प बसलो आणि नेमका इथं बोललो. "देवळालीकडचं म्हणाला. कारखान्याच्या कुणा संचालकाच्या घरचं."

आठवड्यात गावभर झालं. पोरांनी मोबाईलवर तो कार्यक्रम शोधला, सापडला नाही. "काढून टाकला असंल," गावानंच एकमेकांना समजावलं. मामांना पुन्हा कामं यायला लागली, आणि मी केडगावात बसून स्वतःवर खूश झालो.

मग नानांपर्यंत बातमी गेली. देवळालीच्या त्या लग्नात मामांचा हात भाजलेला होता, पट्टी बांधलेली. मसाला भाजला मामांनी, वाटून घेतला मामांनी, पण फोडणी दिली नानांनी. नाना सोनईला आले ते थेट मामांच्या ओट्यावर उभे राहिले.

"ती आमटी माझी," नाना म्हणाले.

"मसाला कोनाचा?"

"फोडनी कोनाची?"

"तू नुसता तेल वतनारा."

"आन तू नुसता मिरच्या भाजनारा."

नेहमीची थट्टा म्हणून घरातले हसले. पण दोघांपैकी कुणी हसत नव्हतं. नाना चहा न घेता गेले. त्यानंतर पाच महिने दोघं बोलले नाहीत. फाल्गुनात नानांच्या नातीचं लग्न झालं. पत्रिका आली, मामा गेले नाहीत. आमटी बाहेरच्या माणसाकडून करून घेतली. कुणीच न केलेल्या कौतुकावरून हे सगळं चाललं होतं, आणि ते मला एकट्याला माहीत होतं. मी रोज रात्री ठरवायचो की उद्या फोन करून सांगू. सकाळी फोन उचलायचो आणि "मामा, पाऊसपाणी काय म्हणतंय?" असं विचारायचो. चैत्रातसुद्धा.

मे महिन्यात आम्ही गोव्याला जायचं ठरवलं. आमच्या सौ., शोभा, यांनी जेवणापुरता एक बेत आखला होता. त्याच शेफनं गोव्यात हॉटेल काढलं होतं, तिथं तिनं दुपारचं टेबल सांगून ठेवलं. तिचाही त्या थापेवर विश्वास होता. हौसेनं तिनं ते मामींना फोनवर सांगितलं. दहा मिनिटांत मामांचा फोन आला.

"मीबी येतो. समक्ष इचारतो."

दुसऱ्या दिवशी नानांचा. "तो चाललाय तर मीबी येनार. एकट्यानं जाऊन कायबी वदवून घेईल तो."

मी म्हणालो, "या ना." दुसरं काही म्हणायला जी माणसं लागतात त्यांतला मी नाही. ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं की असे मोठे शेफ स्वतःच्या हॉटेलात कधीच नसतात. तेवढ्या भरवशावर मी गाडी काढली.

मामा पुढं, नाना आणि शोभा मागं. सुपं गाव ओलांडायच्या आत मामा म्हणाले, "त्याला म्हनावं काच वर कर, वारं लागतंय."

नाना दीड हातावर होते. मी म्हणालो, "नाना, काच."

"त्याला म्हनावं, भट्टीम्होरं जलम गेला आन वाऱ्याला भितो व्हय."

"मामा, नाना म्हणतात..."

"ऐकलं मी."

असं थेट गोव्यापर्यंत. साताऱ्याला शोभा माझ्या कानात म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा का असा झालाय? गाडी लागली का?" मी हो म्हटलं. ही आणखी एक थाप झाली, पण ती लहान होती.

हॉटेल समुद्राच्या वरच्या अंगाला होतं. पांढऱ्या भिंती, आणि इतकं शांत की आमच्या चपलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, हातात कापडी पिशवी. नानांच्या हातातही तशीच पिशवी. आम्हाला टेबल दाखवलं. मी आणि शोभा बसलो. मामा उभेच. मी समजलो, पण उशीर झाला होता. मामा स्वयंपाकघराकडं निघाले होते. एकटे कसे जातील, म्हणून नानाही निघाले. मी मागं पळालो.

दारात एका काळ्या कोटातल्या मुलीनं त्यांना अडवलं. मामा हिंदीत म्हणाले, "हमबी आचारी है. भट्टी कुठं है?"

तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं दार उघडलं. आत भट्टी नव्हती. जाळ दिसत नव्हता. सगळं स्टीलचं आणि गुळगुळीत. दोघांना एकमेकांना विचारायचं नव्हतं, म्हणून दोघं दोन दिशांना गेले. मामांनी बराच वेळ डोळे मिटून ज्याला हात जोडले ते भांडी धुवायचं मशीन होतं. नानांनी जोडले तो फ्रीज. आतल्या दहाबारा माणसांनी कामं थांबवली. एकानं तर मशीनकडं पाहून स्वतःही हात जोडले. मामा समाधानानं बाहेर आले आणि मला म्हणाले, "गरम लागली हाताला. चांगली भट्टी हाय."

मग जेवण आलं. परातीएवढी ताटली आणि तिच्या मधोमध बोराएवढं काहीतरी. मामांनी ती ताटली उचलून अदबीनं बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. वाढप्यानं विचारलं, काही चुकलं का? मामा म्हणाले, "न्हाई, न्हाई. नैवेद्य झाला, आता वाढा."

नानांच्या ताटलीत पांढरा फेस होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि फडक्यानं तो पुसून काढला. "साबन राहिलाय," ते शोभाला हळूच म्हणाले. "बोलू नका. भांडीवालीला बोलनी बसतील."

शोभा हसून हसून लाल झाली होती. मीही हसलो असतो. पण तेवढ्यात ती काळ्या कोटातली मुलगी येऊन म्हणाली, तुमचं नशीब चांगलं आहे, आज शेफ स्वतः आलेत आणि प्रत्येक टेबलावर येऊन भेटणार आहेत.

मामांनी पिशवी उघडली. टॉवेल, टोपी, नारळ. नानांनीही उघडली. टॉवेल, टोपी, नारळ. दोघांनी सामान मांडीवर घेतलं. शेफ दोन टेबलं पलीकडं कुणाशी तरी हसत होता. मामा ओठांतल्या ओठांत आपला प्रश्न घोकत होते. "साब, वो आमटी किसकी?" नानांचाही तोच चालला होता.

"मामा," मी म्हटलं.

"बोल."

"तो काही म्हणाला नव्हता."

"कोन?"

"शेफ. टीव्हीवर. कुणीच काही म्हणालं नव्हतं. मी मनचं सांगितलं."

शोभानं चमचा खाली ठेवला. मामा मांडीवरच्या टोपीकडं पाहत राहिले. त्यांनी टोपीची घडी मोडली, पुन्हा घातली. पाच महिने त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते माझ्या समोर निघून गेलं, आणि ते मी काढून घेतलं होतं. मला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

पहिले नाना बोलले. आणि मला नाही, मामांना.

"काय म्हनतोय रं हा?"

"थाप मारली म्हनतोय."

"म्हंजे आपन पाच महिने..."

"व्हय."

नानांनी मांडीवरचा नारळ टेबलावर ठेवला. "नातीच्या लग्नाला तू आला न्हाईस."

"न्हाई आलो."

"आमटी पानचट हुती. पाव्हनं हासले."

"कळलं मला," मामा म्हणाले. "त्या रात्री मीबी जेवलो न्हाई."

"आता याला काय करायचं?" नानांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"आदी त्या पाव्हन्याचं उरकू. आला तो."

शेफ आला, हसून जेवण कसं वाटलं म्हणून विचारलं. मामा उठले. "अच्छा है. नमक बराबर." आणला तो टॉवेल परत कसा न्यायचा, म्हणून त्यांनी तो शेफच्या खांद्यावर टाकला आणि डोक्यावर टोपी ठेवली. नानांनी दुसरा टॉवेल टाकला आणि पहिल्या टोपीवर दुसरी टोपी ठेवली. दोन्ही नारळ हातात घेऊन तो भला माणूस वाकून पाया पडला. शोभानं फोटो काढला. पुढं तोच फोटो सोनईच्या ग्रामपंचायतीत लागला, आणि उरलीसुरली शंका असलेल्यांचीही खात्री पटली.

परतताना मामा मागं बसले, नानांच्या शेजारी. शोभा पुढं आली. दोघांच्या गप्पा खंडल्या नाहीत. माझ्याशी मात्र कुणी बोलेना.

"त्याला म्हनावं हळू हाक," मामा शोभाला सांगायचे.

"सूनबाई, त्याला म्हनावं आरशात बघू नको, रस्त्याकडं बघ," नाना सांगायचे.

शोभा मन लावून निरोप देत होती. माझ्याशी ती स्वतःचं असं काहीच बोलत नव्हती, हे मला कोल्हापूरला कळलं.

कऱ्हाडच्या पुढं चहाला थांबलो. नाना आणि शोभा आत गेले. मामा गाडीला टेकून उभे होते.

"ते तीन भुरक्यांचं कुनी रचलं?"

"मीच."

"इतकं नीट कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही. मला तसंच होतं. लहानपणापासून."

"आई आठवती ते?"

"ती गेल्यापासून."

माझी आई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मामा रस्त्यावरून जाणारे ट्रक बघत राहिले. मग म्हणाले, "येड्या, मग तूच म्हनायचं की. त्या टीव्हीवाल्याचं तोंड कशाला लागलं? तू म्हनला असतास तर इतक्या लांब यावं लागलं नसतं."

मी मान खाली घातली.

"आन हे गावात बोलू नको," ते म्हणाले. "आमचं दोघांचं झालं मिटून. गाव खूश हाय, राहू दे."

त्यानंतर मामांनी एक उद्योग सुरू केला. रविवारी फोन करायचे आणि विचारायचे, "आज काय खाल्लं? कसं हुतं? जिनं केलं तिला सांगितलं का?" मी हो म्हणालो तर फोन शोभाकडं द्यायला लावून खात्री करायचे. पहिल्यांदा मी ताटावरून "भाजी चांगली झालीय" असं म्हणालो, तेव्हा शोभानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "काय लपवताय?" तिसऱ्यांदा तिनं आणखी एक डाव भाजी वाढली. हळूहळू मला जमायला लागलं. ऑफिसात शिपायाला म्हणालो, चहा छान आणलास. तो दोन दिवस माझ्यापासून लांब राहिला.

मागच्या पौषात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दहाव्याला नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात, तशी झाली. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांनी सांगितलं की ज्यांच्या आमटीची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली असा माणूस आपल्यातून गेला. दुसऱ्या वक्त्यांनी ती परदेशात नेली. मग माईकवाला म्हणाला, "प्रत्यक्ष साक्षीदार, त्यांचे भाचे, दोन शब्द बोलतील."

नाना शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या मांडीला चिमटा घेतला. "कबूल करायला जाऊ नको. त्यानं नको म्हनलंय."

मी माईकपाशी गेलो. आधी तो नुसताच वाजला. मग मी म्हणालो की शेफ काय म्हणाला ते तुम्हाला पाठ आहे, ते राहू द्या. मी माझं सांगतो. या माणसाच्या आमटीच्या पहिल्या भुरक्याला माझे कान तापायचे. दुसऱ्याला आई आठवायची. पुढं मला बोलता आलं नाही, आणि मी खाली उतरलो. लोकांना वाटलं, शेफचंच बोलणं मी घाईत अर्धवट म्हटलं.

कावळा शिवला, माणसं पांगायला लागली. नानांना धरून मी घाटाच्या पायऱ्या चढत होतो. अर्ध्यावर ते दम खायला बसले.

"माझ्या दहाव्याला काय बोलनार हायेस?"

"नाना, असं काय बोलता."

"न्हाई, आत्ताच सांग. तवा मी हितं नसनार."

येणारीजाणारी माणसं होती, ओळखीची, निम्मी आमच्याकडंच बघत होती. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि खालच्या आवाजात बोलायला लागलो. नानांनी मला एकदाही अडवलं नाही. फक्त मध्येच कोपरानं ढोसून म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल की, लोक हायेत."